गिटारच्या लूप पेडलला गायचा माईक कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे डिट्टो हे एका बटणाचं लूप पेडल (रेकॉर्ड केलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत त्यावर थर चढवू देणारं), शुअरचा एसएम५८ माईक आणि गिटारचा १० वॅटचा अँप आहे. दुकानातून एका टोकाला एक्सएलआर (माईकचा तीन पिनांचा गोल कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (गिटारचा पाव इंची) जॅक असलेली केबल आणून तुम्ही माईक थेट पेडलमध्ये लावला. आवाज येतो, पण इतका बारीक की अँप पूर्ण उघडावा लागतो, आणि मग गाण्यापेक्षा सूंऽऽ जास्त ऐकू येतं. पेडल बिघडलंय का, माईक बदलावा का, आणि चिपळ्या, टाळ, आवाज यांचे थर रचून एकट्याने अभंग गाणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

पेडल ठीक आहे. माईक तर अजिबात बदलू नका. आणि गाणं नक्की जमेल. मी गेली सोळा वर्षं पुण्यात छोट्या मैफिलींचा साउंड सांभाळतो आणि स्वतः लूपवर गातो. तुमची अडचण घेऊन माझ्याकडे आलेल्या बहुतेकांच्या हातात हीच केबल होती, म्हणून आधी ती काय करते ते नीट सांगतो. ते कळलं की पुढच्या वस्तू विकत घेताना चुकायला होत नाही.

एसएम५८च्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दर पास्कलला १.८५ मिलिव्होल्ट अशी दिलेली असते. १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल, म्हणजे चांगला मोकळा आवाज. जाळीला ओठ जवळजवळ टेकवून गायलात तर याच्या काही पट मिळेल, पण हिशेब मिलिव्होल्टमध्येच राहतो. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग, साध्या छेडीलाही १०० मिलिव्होल्टच्या आसपास देतो आणि जोरात वाजवलं तर बरंच जास्त. पेडल बनवलंय ते या १०० मिलिव्होल्टसाठी. त्याच्या दृष्टीने तुमचा आवाज पंचवीस-तीस पट लहान आहे, म्हणजे साधारण ३० डेसिबल कमी. पेडल तो तसाच कुजबुजीएवढा रेकॉर्ड करतं आणि स्वतःची सूक्ष्म खरखर त्यात मिसळतं. मग अँप उघडलात की आवाजाबरोबर ती खरखरही तीस पट वाढते. लूपरनंतर आवाज वाढवून काही उपयोग नाही. आवाज मोठा करायची जागा लूपरच्या आधी आहे. माझ्या सगळ्या उत्तराचं सार एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

केबलचा दुसरा तोटा वेगळा आहे. माईकच्या एक्सएलआरमध्ये तीन पिना असतात. १ नंबर ग्राउंड, २ आणि ३ वर एकच सिग्नल सुलट-उलट. वाटेत पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण दोन्ही तारांवर सारखी चढते, आणि मिक्सर त्या दोन्हींमधला फरक घेतो, म्हणून ती गुणगुण वजा होऊन जाते. पी-३८ मोनो जॅकला दोनच टोकं. त्यामुळे तुमच्या केबलमध्ये ३ नंबर १ नंबरला जोडून टाकलेला असतो, आणि वजाबाकीची सोय संपते. अशी केबल जितकी लांब तितकी ती घरातली वीज जास्त ऐकते.

सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे केबलच्या जागी लाइन ट्रान्सफॉर्मर. बोटभर लांबीची नळी असते, एका बाजूला एक्सएलआर मादी आणि दुसऱ्या बाजूला पी-३८. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारताना ‘लो टू हाय इम्पीडन्स ट्रान्सफॉर्मर’ असं स्पष्ट सांगा (इम्पीडन्स म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विजेचा विरोध), नाहीतर तसाच दिसणारा साधा कनेक्टर हातात येतो. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर नसतो, फक्त तारा असतात. खऱ्या नळीवर २०० ओहम ते ५० किलोओहम असं काहीतरी छापलेलं असतं. इम्पीडन्स २५० पट झाला की व्होल्टेज त्याच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे जवळपास १६ पट वाढतं. डेसिबलमध्ये २४, प्रत्यक्षात थोडं कमी. तुम्हाला हव्या असलेल्या ३० पैकी बराचसा भाग विजेशिवाय, अडॅप्टरशिवाय मिळाला.

ही नळी पेडलच्या तोंडाशी लावा, माईकच्या बुडाशी लावू नका. माईकपासून पेडलपर्यंतचं अंतर साध्या एक्सएलआर केबलने जायला हवं. कारण नळीच्या पुढच्या बाजूला सिग्नल ५० किलोओहमचा झालेला असतो आणि प्रत्येक केबल थोडी कपॅसिटरसारखी वागते, मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड. पाच मीटर केबल पुढे ठेवलीत तर ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गळायला लागतो. ‘स’, ‘श’ची धार जाते, टाळाची चमक जाते, आणि माणूस माईकला दोष देतो. नळी पेडललाच टोचली तर हा प्रश्न येतच नाही. आणखी एक: ही नळी मिक्सरच्या लाइन इनपुटला लावू नका. पेडलचा इनपुट १ मेगाओहमचा असतो, त्यामुळे माईकवर उलट पडणारा भार ४ किलोओहम, तो माईकला सहज पेलतो. मिक्सरचा लाइन इनपुट १० किलोओहमचा असेल तर तोच भार ४० ओहम होतो, आणि माईकचा आवाज बसतो.

मोकळ्या, दणकट गळ्याला ट्रान्सफॉर्मर पुरतो. माझ्या एका विद्यार्थ्याने दोन वर्षं याच्यावरच काम भागवलं. पण तुम्हाला अभंग गायचाय, त्यात हळुवार जागा येणार, एखादी ओळ नुसती गुणगुणायची असणार. तिथे माईक प्रीअँप, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा, हवा, आणि माझा सल्ला तुम्ही थेट तोच घ्यावा. आर्टचा ट्यूब एमपी किंवा बेहरिंगरचा माइक१०० यांसारखा एका चॅनेलचा छोटा डबा बास झाला. माईक एक्सएलआरने प्रीअँपमध्ये, प्रीअँपच्या पी-३८ आउटपुटमधून छोटी केबल डिट्टोत, डिट्टोतून स्पीकरकडे. सगळी साखळी एका रांगेत.

अशा डब्यावर दोन नॉब असतात, इनपुट गेन आणि आउटपुट. आधी आउटपुट पूर्ण बंद करा. गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गात इनपुट गेन वाढवा. पीकचा दिवा लुकलुकायला लागला की थोडा मागे घ्या. मग आउटपुट हळूहळू उघडा. प्रीअँप पूर्ण उघडला तर १ व्होल्टच्या वर सहज जातो आणि पेडलला एवढं नको असतं. डिट्टोवर पीकचा दिवा नाही, तेव्हा कानाने ओळखायचं. तीच ओळ लूपमध्ये घ्या, हेडफोनवर ऐका, शब्दाच्या सुरुवातीला काच तडकल्यासारखं काही वाटलं की आउटपुट उतरवा. एकदा जागा सापडली की नॉबवर खडूने खूण करा. मी अजून करतो.

आता एक गोष्ट, जी डब्यावर बारीक अक्षरात असते आणि जिच्यामुळे पेडलं जळतात. काही छोट्या प्रीअँपचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असतो, पण एसी. तुमच्या लूपरला ९ व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन निगेटिव्ह. दोन्ही अडॅप्टर काळे, दोन्हींवर ९ व्होल्ट लिहिलेलं, आणि पिनही सारखी बसू शकते. घरी आल्या आल्या दोन्हींना वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. गुणगुण आली तर लूपर आणि प्रीअँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, तीन पिनांच्या नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर घ्या. बहुतेक वेळा तिथेच ती थांबते.

गिटारही त्याच लूपमध्ये घ्यायची असेल तर मात्र छोटा मिक्सर घेणंच बरं, कारण प्रीअँप त्याच्या आत असतोच. माईक पहिल्या चॅनेलला, गिटार दुसऱ्याला. गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीअँप असेल तर थेट चालते. साधा पिकअप असेल तर मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माईक इनपुटला जुळवून देणारा डबा) लावा, नाहीतर लाइन इनपुट तिचा आवाज मंद करून टाकतो. मग मिक्सरचा ऑक्स सेंड किंवा एफएक्स सेंड (हव्या त्या चॅनेलचा आवाज बाहेर पाठवणारी वेगळी वाट) लूपरमध्ये आणि लूपरचा आउटपुट तिसऱ्या चॅनेलमध्ये. या रचनेची मजा अशी की कोणत्या चॅनेलचा ऑक्स नॉब उघडायचा ते तुमच्या हातात राहतं. चिपळ्या लूपमध्ये जातील, पण पुढची मोकळी ओवी जाणार नाही. दोन गोष्टी जपा. तिसऱ्या चॅनेलचा, म्हणजे लूपर जिथे परत येतो त्याचा ऑक्स नॉब शून्यावरच असू द्या. तो चुकून उघडला की लूपर स्वतःलाच गिळायला लागतो आणि शिट्टी सुटते. दुसरं, तुमचा चालू आवाज आता दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक लूपरमधून. डिट्टोत थेट आवाज अ‍ॅनालॉग वाटेने जातो, म्हणून तो नुसता जरा मोठा होतो. ज्या पेडलात तो डिजिटल होऊन उशिराने बाहेर येतो तिथे दोन्ही एकमेकांना खातात. १ मिलिसेकंदाचा उशीर असला तरी ५०० हर्ट्झपाशी खड्डा पडतो आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. अशा वेळी ऑक्स ‘प्री-फेडर’ (चॅनेलच्या मुख्य फेडरच्या आधीच आवाज घेणारा) करून माईकचा मुख्य फेडर खाली ओढा, म्हणजे एकच वाट उरेल. सगळ्या मिक्सरवर प्री-फेडरची सोय नसते, घेण्याआधी बघा.

सेंडचा नॉब इथेही थोडाच उघडायचा. रिव्हर्ब (घुमारा) हवा असेल तर तो लूपरच्या नंतर, परत येणाऱ्या चॅनेलवर द्या. आधी दिलात तर तो लूपमध्ये कायमचा मुरतो आणि जोडाच्या ठिकाणी त्याचं शेपूट तुटलेलं ऐकू येतं.

काहीच विकत घेतलं नसतं तर मी थेट माईक इनपुट असलेला लूपर सुचवला असता. बॉसच्या आरसी-३०, आरसी-५००, आरसी-६०० मध्ये एक्सएलआर आहे, टेबलावर ठेवायच्या आरसी-५०५ मध्येही. टीसी-हेलिकॉनचा डिट्टो माइक लूपर तर माईकसाठीच बनवलाय. पण तुमच्याकडे आहे ते पेडल चांगलं आहे. पाच मिनिटांचा लूप आणि हवे तितके थर. एका प्रीअँपच्या खर्चात ते तेच काम करेल.

अँपबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायला हवं. गिटार अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ थांबतो. गिटारला ते शोभतं. माणसाच्या आवाजाला झाकण लावल्यासारखं होतं आणि टाळ तर भांडं आपटल्यासारखा वाजतो, कारण त्याची झळाळी त्याच्या वरच राहते. सरावाला हेडफोन वापरा, कार्यक्रमाला पॉवर्ड स्पीकर (आतच अँप असलेला) किंवा हॉलची पीए सिस्टिम, म्हणजे श्रोत्यांसाठीचे स्पीकर.

पीएला जोडताना लूपरचा आउटपुट नेहमी डीआय बॉक्समधून द्या. हे मी नुकसान सोसून शिकलो. एका सभागृहात घाई होती आणि स्टेजवर डीआय शिल्लक नव्हता. तिथल्या साउंडवाल्याने तुमच्यासारखीच, पण एक्सएलआर नर टोकाची केबल वापरून माझा लूपर थेट स्टेज बॉक्सच्या एक्सएलआरला जोडला. दुसऱ्या गायिकेच्या, वीज लागणाऱ्या कंडेन्सर माईकसाठी मिक्सरवर फँटम पॉवर (माईकच्या केबलमधूनच जाणारी ४८ व्होल्टची वीज) चालू होती, सगळ्या चॅनेलना एकच बटण. ४८ व्होल्ट माझ्या ९ व्होल्टच्या पेडलच्या आउटपुटमध्ये उलटे शिरले. पेडल लागत होतं, दिवा जळत होता, पण आउटपुट कायमचा गेला, आणि त्या रात्री मी नुसत्या तंबोऱ्यावर गायलो. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय हा दाब अडवतो. तेव्हापासून एक डीआय माझ्या पिशवीत असतोच, तुम्हीही ठेवा. तुमचा एसएम५८ डायनॅमिक आहे, त्याला फँटम लागत नाही आणि नीट एक्सएलआर केबलने जोडला तर त्रासही होत नाही. उद्या कंडेन्सर घेतलात तर मात्र फँटम देणारा प्रीअँप लागेलच, नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर तो बोलणार नाही.

आता थरांकडे येऊ, कारण खरं गाणं इथे आहे. प्रत्येक थराबरोबर त्या वेळचा पंखा, रस्ता, श्वास हेही लूपमध्ये जातात. सारखी खरखर असलेले थर दुप्पट झाले की खरखर ३ डेसिबलने वाढते. दोन थरांना ३, चारांना ६, आठ थरांना ९. म्हणून रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा आणि माईकजवळ गा, तीन-चार बोटांवर. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे स्पीकरमधून वाजणारा लूप माईकमध्ये परत शिरणं. तिसऱ्या थरात पहिले दोन पुन्हा रेकॉर्ड होतात, पाचव्यात सगळ्यांचा चिखल होतो. एसएम५८ समोरून ऐकतो आणि नेमका पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून स्पीकर माईकच्या शेपटीच्या दिशेने ठेवा. जाळीवर मूठ आवळू नका, मुठीत धरलेला माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. टाळ कधीही माईकच्या तोंडाशी वाजवू नका. हात-दीड हात लांब, थोडा कडेला. आवाजासाठी लावलेल्या गेनवर जवळून वाजवलेला टाळ पेडल फाडून काढतो.

सुरुवात चिपळ्यांनी करा. त्यांचा ठोका कोरडा असतो, त्यावर लूपचा जोड लपवायला काही लागत नाही आणि चूक लगेच कळते. भजनी ठेक्याच्या ८ मात्रा मिनिटाला १२० च्या लयीत धरल्या तर एक आवर्तन ४ सेकंदांचं होतं. एकाच आवर्तनाचा लूप घेतलात आणि पाय जरासा उशिरा पडला, तर दर चार सेकंदांनी ठेच लागते. चार आवर्तनं घ्या, १६ सेकंद. ठेच लागलीच तर सोळा सेकंदांनी एकदा, आणि चिपळ्यांच्या हातातलं बारीकसारीक कमीजास्त जिवंत वाटतं. पेडल न दाबता एक आवर्तन वाजवा, लय अंगात बसू द्या, मग वाजवत असतानाच समेवर पाय द्या. चार आवर्तनांनी पुन्हा समेवर. सम ऐकून पाय द्यायचा नाही, सम आणि पाय एकत्र पडले पाहिजेत. टाळी देताना हात जसा थांबत नाही तसं. पंचवीस-तीस वेळा नुसतं हेच करा, गाण्याकडे वळू नका. पहिला थर वाकडा असेल तर वरचे सगळे वाकडेच बसतात.

दुसरा थर षड्जाचा. इथे बहुतेक जण समेवर सुरू करतात आणि समेवर तोडतात, मग दर सोळा सेकंदांनी सूर तुटून पुन्हा उगवतो. तसं करू नका. आवर्तनाच्या मध्येच कुठेतरी ओव्हरडब (आधीच्या थरावर नवा थर रेकॉर्ड करणं) सुरू करा, ‘सा’ अगदी शून्यातून उगवू द्या, आणि पूर्ण फेरी होऊन त्याच जागी आलात की तितक्याच हळू विरवा, मग पाय द्या. उगवणारा आणि मावळणारा सूर एकमेकांवर पडतात आणि जोड सापडत नाही. दम पुरत नसेल तर मध्ये श्वास घ्यायला हरकत नाही. त्यानंतर पंचमाचा किंवा मध्यमाचा आणखी एक थर देऊन ती फट भरता येते, मात्र त्यात श्वास वेगळ्या ठिकाणी घ्या. सूर हलला तर बटण दाबून धरा, शेवटचा थर पुसला जातो आणि चिपळ्या तशाच चालू राहतात.

टाळ त्यानंतर, एका आवर्तनात दोनच ठोके, मोकळे. मग डिट्टोवरचा लूपचा नॉब निम्म्यावर आणा. तो फक्त रेकॉर्ड झालेल्या थरांचा आवाज कमी करतो, तुमच्या चालू आवाजाला हात लावत नाही. ही जागा मिळाली की मुखडा उचला.